शंभर क्रेटचा एक टायर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मेहुण्याचा फोन आला. आमच्या तालुक्यात इतक्या पहाटे फोन दोनच कारणांनी येतो. एकतर कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर मोटारीची लाईट आलेली असते. मी धसकूनच उचलला.

“दाजी, एटी घ्यावा का एचटी?”

मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं. ‘एटी’ म्हटलं की पुढचं ‘केटी’ माझ्या तोंडात आपोआप येतं. आणि एचटी म्हणजे शेतावरून गेलेली ती जाड तार, जिच्याखाली झाड लावायचं नसतं. मी झोपेतच विचारलं, “पोरगा किती विषयांत राहिला?”

“पोराचं नाही ओ दाजी. टायर! पिकअपला टायर घ्यायचेत. अजून एक एमटीपण निघालाय म्हणे.”

एमटी मात्र मला माहीत होता. मार्केटात माल उतरवून रिकाम्या हौद्यानं परत येणाऱ्या गाडीला सगळे ड्रायव्हर एमटीच म्हणतात. तसं मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग मेहुणा म्हणाला, “तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारलं.” या वाक्यात आदर किती आणि निराशा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवसापासून पुढचे दोन महिने मी टायर या विषयाचा विद्यार्थी झालो.

आधी गाडीबद्दल. जुन्नर तालुक्यात पिकअप म्हटली की डोळ्यांसमोर येते ती पांढरी, पुढे दोघातिघांची केबिन आणि मागे जग. त्या हौद्यातून टोमॅटो जातो, कांदा जातो, शेळ्या जातात, मांडवाचे खांब जातात, आणि कायद्यात बसत नसलं तरी वऱ्हाडही जातं. मेहुण्याची पिकअप त्यातली नाही. ती दोन केबिनची, चारी चाकांना ताकद देणारी, उंच, गडद रंगाची गाडी आहे. हौदा आहे, पण त्यात क्रेट ठेवताना खाली गोधडी अंथरतात.

ती आली टोमॅटोतून. 2023 सालच्या मे महिन्यात भाव नाही म्हणून लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला, आणि जुलैत त्याच टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला नारायणगावच्या बाजारात दोन हजारांच्या पुढे भाव गेला. ज्यांचा प्लॉट नेमका तेव्हा तोडणीला आला त्यांचं नशीब फळफळलं. कुणी बंगल्याचा स्लॅब टाकला, कुणी मुलीचं लग्न उरकलं. मेहुण्यानं गाडी बुक केली. आता भाव पुन्हा क्रेटला एकशे ऐंशीवर आला होता आणि गाडीचे मूळचे टायर चाळीस हजार किलोमीटर पळून गोटा झाले होते.

मी वाचायला बसलो. निघालं ते असं. एचटी म्हणजे हायवेचा टायर, नक्षी बारीक, आवाज कमी, पावसात डांबराला धरून राहणारा. एमटी म्हणजे चिखलाचा. त्याचे रबराचे ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा इतक्या रुंद की आत चिमणी घरटं बांधेल. आणि दोघांच्या मधला तो एटी, म्हणजे ऑल टेरेन. मुरूम, खडी, माती, डांबर, सगळीकडे चालतो असं त्याच्याबद्दल सांगतात. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत ‘नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष आणि शेतीची आवड असणारी’ अशी वधू मागतात ना, तसं हे टायरातलं स्थळ. असं स्थळ नसतंच असं नाही. फक्त त्या मुलीला नोकरी, घर आणि शेती या तिन्हींपैकी कशातही पैकीच्या पैकी मार्क मिळत नाहीत, आणि ते तिच्या सासरी नंतर कळतं. एटी टायर डांबरावर एचटीपेक्षा थोडा जास्त गुरगुरतो, थोडं जास्त डिझेल पितो. चिखलात एमटीच्या थोडा मागे पडतो. आणि दिसायला दोघांपेक्षा बरा दिसतो. गिऱ्हाईक नेमकं या शेवटच्या गुणावर विरघळतं.

मग मी टायरची पत्रिका वाचायला शिकलो. मेहुण्याच्या टायरवर लिहिलं होतं: 265/65 आर 17, 112 एस. यातले 265 मिलिमीटर, म्हणजे टायरची रुंदी. पुढचे 65 टक्के, म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के ते. आर म्हणजे रेडियल. आणि 17 इंच, म्हणजे आतल्या डिस्कचा व्यास. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! माझ्या हाताखाली एखाद्या विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला तिथेच एटीकेटी दिली असती. पण घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की आपण तरी काय करतो. जमीन एकरात, प्लॉट चौरस फुटात, सोनं तोळ्यात आणि विहीर परसात. टायर आपल्यातलाच आहे.

112 म्हणजे एक टायर किती ओझं पेलतो त्याचा क्रमांक. तक्त्यात बघितलं तर 112 म्हणजे 1120 किलो. आणि एस म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी 180. मुळाक्षरं चढत जातात तसा वेग चढतो: क्यू 160, आर 170, एस 180, टी 190, यू 200. इथपर्यंत शिस्त आहे. आणि मग यू आणि व्ही यांच्यामध्ये, ताशी 210 वर, एच येऊन बसलेला! रांगेत मागे उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला कुणीतरी हात धरून पुढे आणल्यासारखा. हे वाचून मी इतका अस्वस्थ झालो की बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. तिनं विचारलं, “आपला भाऊ ताशी 210 जाणार आहे का?” नाही म्हटलं. “मग झोपा.”

बातमी गावात पसरली. टायर घ्यायचा म्हटल्यावर सल्ला द्यायला कुणाला डिग्री लागत नाही, आणि ज्यांना डिग्री आहे त्यांना कुणी विचारत नाही. मेहुण्याचा पोरगा मोबाईलवर रोज चार व्हिडिओ बघत होता. त्याचं म्हणणं एकच, टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि मध्ये बर्फाची चांदणी असं चिन्ह पाहिजे. असं चिन्ह खरंच असतं. बर्फात पकड धरण्याच्या चाचणीत पास झालेल्या टायरवर ते छापतात. मी त्याला समजावलं की ओतूरला बर्फ पडत नाही. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, “गारपिटीला चालेल?”

साडूंचं मत वेगळं. ते म्हणाले टायर मोठाच घ्या, 285/70, गाडी कशी वाघासारखी उभी राहील. मी कागदावर मांडून बघितलं. तो टायर आधीच्यापेक्षा उंचीला साधारण सात टक्के जास्त भरतो. म्हणजे काट्यावर 100 दिसेल तेव्हा गाडी 107 नं पळत असेल. हे ऐकून मेहुण्याचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. उलट उजळला. “म्हणजे किलोमीटर कमी पडतील! विकताना बरं.” ब्रेक, गिअर, वळताना चाक आत घासणं, विमा, आरटीओ, एवढं सगळं सांगून मी त्याला मूळ मापावर परत आणला. साडूंनी त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या स्वतःच्या दारात स्कूटर आहे.

तिसरा सल्ला आमच्या शेजारच्या पिकअपवाल्याचा. हा माणूस वीस वर्षं टोमॅटो वाहतोय. त्याच्या गाडीच्या मागच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्याच टायरवर नवीन नक्षी चढवलेली. त्याला विचारलं तर त्यानं टायरबद्दल काही सांगितलंच नाही. तो म्हणाला, “सर, पिकअप भरलेली असली की धरते. एमटी असली की घसरते. हौद्यात दोन पोती वाळू टाकून ठेवा पावसाळ्यात.” मी त्यावर डोकं खाजवलं आणि पटलं. पिकअपचं सगळं वजन पुढे, इंजिन आणि केबिन. हौदा रिकामा असला की मागची चाकं रस्त्याला नुसती शिवून चालतात. ओल्या वळणावर जोरात ब्रेक मारला की गाडीचं बूड पुढे यायला बघतं. हे मी मेहुण्याला सांगितलं. पण दोन पोती वाळूचा खर्च इतका कमी होता की त्याला तो सल्ला सल्लाच वाटला नाही.

शेवटी मी माझ्या पद्धतीनं गेलो. सगळीकडे एकच प्रश्न विचारत होते: तुमची गाडी किती टक्के रस्त्यावर आणि किती टक्के रस्त्याबाहेर चालते? मेहुण्यानं बेधडक सांगितलं होतं, “निम्मं निम्मं.” मी म्हटलं, मोजू. वही केली. आठ दिवस त्याच्या शेजारी बसून मी प्रत्येक खेप लिहून काढली.

भांडण पहिल्या दिवशीच झालं. गल्लीतले पेव्हर ब्लॉक कशात धरायचे? मेहुणा म्हणाला रस्त्याबाहेर, मी म्हटलं रस्ता. कालव्याच्या कडेचा रस्ता? त्याला मुरूम म्हणायचं ठरलं. ओढ्यावरच्या साकवाची फरशी? काँक्रीट. नवीन पाइपलाइनसाठी खणून तसाच सोडलेला डांबरी रस्ता? इथं चहासाठी थांबावं लागलं. अखेर तडजोड अशी झाली की कागदावर जे डांबर आहे ते डांबर धरायचं, मग खाली उतरून बघायचं नाही.

आठ दिवसांचा हिशेब: एकूण 318 किलोमीटर. त्यातलं डांबर 254, सिमेंट काँक्रीट 38, मुरूम आणि खडी 24, काळी माती 2. ते दोन म्हणजे घरापासून मळ्यापर्यंतची आमची पाणंद, अडीचशे मीटर, आठ वेळा. मी आकडे मेहुण्यासमोर ठेवले. डांबर आणि काँक्रीट मिळून शंभरातले ब्याण्णव. त्यानं वही उलटीसुलटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला त्याची गाडी कुठल्या तरी डोंगरावर चढत असेल. मग म्हणाला, “पण दाजी, उद्या जावं लागलं तर?”

“कुठे?”

“कुठेही.”

या ‘कुठेही’वर टायरांचा अख्खा धंदा उभा आहे, असं माझं मत झालं आहे. माणूस टायर घेतो तो रोजच्या रस्त्यासाठी नाही. एखाद्या रात्री नाणेघाटाच्या अलीकडे दरड कोसळेल, पूल वाहून जाईल, आणि सगळ्या गाड्या मागे फिरत असताना आपण एकटे शेतातून वाट काढत पलीकडे जाऊ, त्या रात्रीसाठी घेतो. मी हसलो खरा. पण माझ्या कपाटातही एक इंग्रजी शब्दकोश आहे, अकरा किलोचा.

आळेफाट्याला टायरच्या दुकानात गेलो तेव्हा शेठ जेवायला गेले होते. तासभर बाकड्यावर बसून मी भिंतीवरच्या पाट्या वाचत होतो, आणि त्या दोन महिन्यांत वाचलेलं सगळं पाट्यांमागून बाहेर येऊन बसलं. ब्रिजस्टोन. मालकाचं आडनाव इशिबाशी, जपानीत इशी म्हणजे दगड आणि बाशी म्हणजे पूल. 1931 मध्ये कंपनी काढली तेव्हा त्यांनी आडनावाचं इंग्रजी केलं आणि वर उलटं केलं. आमच्याकडच्या एखाद्या दगडे आडनावाच्या शेतकऱ्यानं इतका आत्मविश्वास दाखवल्याचं मला आठवत नाही. शेजारी एमआरएफ. 1946 साली मद्रासला सुरू झाली ती पोरांचे फुगे बनवायला. सिएट ही मूळची इटलीतल्या तोरिनोची, आणि तिच्या लांबलचक नावाचा अर्थ ‘विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू’. म्हणजे एचटी म्हटल्यावर मला तार आठवली, तेव्हा मी अगदीच मूर्ख नव्हतो. आणि मिशेलिन! हॉटेलांना तारे देणारी ती जगप्रसिद्ध पुस्तिका या फ्रेंच टायरवाल्यांनी 1900 मध्ये काढली, लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात आणि टायर जास्त झिजवावेत म्हणून. तारे नंतर आले. आळेफाट्याच्या शेठनी अजून समोरच्या मिसळवाल्याला एकही तारा दिलेला नाही. पण जेवायला रोज तिथेच जातात.

सगळ्यात आवडता माणूस मात्र डनलॉप. जनावरांचा डॉक्टर. बेलफास्टमध्ये प्रॅक्टिस. 1888 मध्ये पोराच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर धक्के बसतात म्हणून त्यानं रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली. पेटंट घेतलं, आणि मग कळलं की चाळीसेक वर्षांपूर्वी एका स्कॉटिश माणसानं हेच करून ठेवलंय. मी हे मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, “आमच्या डॉक्टरला गाय लागत नाही म्हणून बोलावलं तर दोन दिवस येत नाही, टायर कधी काढणार.”

शेठ आले. ढेकर देत त्यांनी एकच प्रश्न विचारला, “भरून चालते का रिकामी?” वीस वर्षं टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपवाल्याचाच मुद्दा. मी वही पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकानं आपला रस्ता टक्क्यांत आणलेला पाहून ते जरा वेळ गप्प बसले. मग मेहुण्याला म्हणाले, “सर म्हणतात ते बरोबर आहे. तुम्हाला एचटी पुरेल.” मेहुण्यानं कोपऱ्यात उभ्या असलेल्या एटीच्या नक्षीवरून हात फिरवला. बैलबाजारात खोंडाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मी बत्तीस टायर बघितले असतील, पण हात असा फिरवताना पाहिल्यावर वही मिटली.

किंमत अठरा हजार. एकाची. मेहुणा मनात हिशेब करतो तो क्रेटमध्ये. 2023 च्या जुलैत या टायरला नऊ क्रेट पडले असते. त्या दिवशीच्या भावानं शंभर. चार टायर म्हणजे चारशे क्रेट, आठ टन टोमॅटो, खुडून, निवडून, भरून, वाहून.

“चार का पाच?” शेठनी विचारलं.

पाचवा म्हणजे स्टेपनी. हा शब्द तुम्हा-आम्हाला इतका आपला वाटतो की तो वेल्समधून आलाय हे कुणी मानत नाही. लॅनेली नावाच्या गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर 1904 च्या सुमारास जादा चाकाचा धंदा सुरू झाला. तेव्हाच्या मोटारींना पाचवं चाक नसायचंच. रस्त्यावर पंक्चर झालं की तिथेच खोलत बसायचं. त्यांनी हवा भरलेलं जादा चाक विकायला काढलं आणि त्या रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. तिकडे शब्द केव्हाच विरला. इकडे तो टिकला, आणि त्याला एक अर्थ असा जोडला गेला की जो मी सासुरवाडीत सांगू शकत नाही. मेहुणा म्हणाला चारच. शंभर क्रेट वाचले.

बसवताना मी प्रत्येक टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे तपासले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. रबर दुकानात नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं, ऊन आणि उष्णतेनं तर लवकरच. शेठच्या पोऱ्यानं मला गुडघ्यावर बसून चारही टायरांच्या जन्मतारखा वहीत उतरवताना पाहिलं आणि शेठना हळूच विचारलं, “लग्न जमवतायत का?” शेवटी त्यानं नायट्रोजन भरू का म्हणून विचारलं. जादा पैसे. साध्या हवेत नायट्रोजन मुळातच अठ्ठ्याहत्तर टक्के असतो. उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी मेहुण्यानं पैसे मोजले नाहीत. एवढंच माझं त्या दिवसाचं यश.

गाडी घरी आली. पहिल्यांदा सासूबाईंना कळलं. त्या पुढच्या सीटवर बसून ओतूरला निघाल्या होत्या. साठच्या वर वेग गेला आणि त्या म्हणाल्या, “गाडीत कोण भजन करतंय?” एटीच्या ठोकळ्यांचा तो आवाज, घुंऽऽऽ असा. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो आणि खाचेतली हवा दाबून बाहेर फेकतो. सगळे ठोकळे एका मापाचे ठेवले तर एकच सूर लागतो आणि डोकं उठतं, म्हणून कारखान्यात ते मुद्दाम लहानमोठे कापतात, सूर पसरवायला. सासूबाईंनी वारकऱ्याच्या कानानं ऐकून निकाल दिला, “टाळ बरा आहे, मृदंग नाही.”

जूनच्या मध्याला पाऊस लागला. दोन दिवस संततधार झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याचा फोन. यावेळी आठ वाजता, म्हणजे प्रकरण गंभीर. “दाजी, पाणंदीत या. गमबूट घालून.”

अडीचशे मीटरच्या पाणंदीत साधारण ऐंशीव्या मीटरला गाडी उभी होती. उभी म्हणजे बसली होती. आमची काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की त्यात चप्पल हरवते, आणि पावसात फुगून तिचा डिंक होतो. त्या डिंकानं एटीच्या सगळ्या खाचा काठोकाठ भरून टाकल्या होत्या. अठरा हजारांची नक्षी, तिच्यावर लिंपण. चाकं चार गुळगुळीत लाडवांसारखी जागच्या जागी फिरत होती आणि प्रत्येक फेरीला गाडी बोटभर खाली जात होती. चारी चाकांना ताकद होती. ती चारी चाकं समसमान ताकदीनं खड्डा खणत होती.

माझं वाचन इथं कामाला आलं. मी म्हटलं, हवा कमी करा. टायर मऊ पडला की त्याचा जमिनीवरचा ठसा लांब होतो, ओझं पसरतं. वाळूत हा उपाय रामबाण, चिखलात नशिबानं. पस्तीसवरून वीसवर आणली. गाडी दोन फूट पुढे आली. जमलेल्या लोकांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. पुढच्या दोन फुटांना मात्र आदर संपला. मग कुणीतरी ओरडलं, “हौदा एमटी आहे, माणसं चढवा!” आठ माणसं हौद्यात चढली. नववा मी. निवृत्त प्राध्यापक, हातात वही. सगळ्यांनी मिळून उड्या मारायच्या आणि मेहुण्यानं हळूच क्लच सोडायचा असं ठरलं. सहा फूट आलो. सातव्या फुटाला माझा चष्मा गेला.

अखेर ट्रॅक्टर बोलावला. ट्रॅक्टर त्याच पाणंदीतून, त्याच डिंकातून, पेपर वाचत आल्यासारखा आला. त्याच्या मागच्या टायरवर तिरक्या उंच पट्ट्या असतात, बाहेरच्या टोकाला उघड्या. चाक फिरतं तशी माती त्या उघड्या टोकातून बाहेर पडत जाते आणि पट्टी पुन्हा स्वच्छ होऊन खाली येते. एटीच्या ठोकळ्यांना ते जमत नाही, कारण त्यांना आळेफाट्यापर्यंत डांबरावरूनही जायचं असतं. साखळी लावली आणि अठरा हजार गुणिले चार एका हिसक्यात बाहेर.

बांधावर आमचा पिकअपवाला उभा राहून हे सगळं बघत होता. मी जरा रागानंच विचारलं, “तुमची रिमोल्डची गाडी कशी कधी अडकत नाही हो?”

“पाऊस झाल्यावर मी पाणंदीत घालीतच नाही, सर,” तो म्हणाला. “क्रेट डोक्यावर आणतो डांबरापर्यंत.”

गोष्ट इथेच संपली असती, पण बाहेर ओढताना पुढच्या डाव्या टायरच्या कडेला बांधावरच्या तुटक्या तारेनं काप दिला होता. नक्षीवरचं छिद्र बुजवता येतं, कडेचा काप बुजत नाही. आमचा हायवेवरचा पंक्चरवाला केरळचा आहे. रबर त्यांच्याकडचं, पंक्चर आमच्याकडचं, अशी वाटणी बरीच वर्षं चालू आहे. त्यानं बोटानं काप दाबून पाहिला आणि मान हलवली. “स्टेपनी लावा.”

गाडीच्या पोटाखालून स्टेपनी खाली सोडली. मूळचीच, कधीही न वापरलेली, नक्षी अगदी कोरी. जमिनीला टेकल्यावर ती हळूच एका बाजूला बसली. गाडी घेतल्यापासून तिच्यात कुणीही हवा बघितली नव्हती.

तुमच्याकडे पिकअप असो, कार असो, काहीही असो, हे वाचून झालं की एवढं करा. खाली वाका, स्टेपनीची हवा बघा. आणि चार आकडेही वाचून घ्या. माझ्या स्वतःच्या कारच्या डिकीत मी त्याच संध्याकाळी वाचले: 0814.